पिठावरच्या मुंग्या

अक्का, तुमच्या दहाव्याला नीरेच्या काठावर चौघांनी भाषणं केली आणि चौघांनीही तुम्हाला शांत स्वभावाच्या म्हटलं. मी बायकांच्यात सतरंजीवर बसले होते. पहिला म्हणाला तेव्हा सोडून दिलं. दुसऱ्यानं 'कधी कुणाला उणा शब्द बोलल्या नाहीत' असं म्हटल्यावर मला भर दुःखात हसू फुटलं आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या बाईला वाटलं उमाळा आला, ती माझी पाठ चोळत बसली. उणा शब्द म्हणे! तेवीस वर्षं तुमच्याबरोबर एका परसात काढली मी. मला विचारायचं होतं त्यांनी.

म्हणून हे लिहितेय. तुमची धाकटी जाऊ, शोभा. तुम्ही परसातनं 'शोभेऽ' अशी हाक मारली की आळीतली कुत्री उठून उभी राहायची, ती. मी काही गोडगोड लिहिणार नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि अर्ध्या भांडणातनं उठून जायची तुमची रीत नव्हती. शेवटचा शब्द आपलाच पाहिजे म्हणून तुम्ही ताटावरनं उठून माझ्या दारात यायच्या. यावेळी तेवढं केलं नाहीत.

भांडण तळ्याचं. बाकी कशावरनं भांडलो तरी दुपारच्या चहापर्यंत मिटायचं, तळ्याचं तेवढं कधी मिटलं नाही.

तळं म्हणजे तरी केवढं, खाट मावेल एवढं. गवंड्यानं संडासाच्या टाकीचा खड्डा चुकीच्या जागी खणला आणि थोरले भावजी तो बुजवायला सांगत होते. तुम्ही म्हणालात, राहू द्या, मला पाण्याकडं बघत बसायचंय. भावकीतल्या कुणाच्या तरी शेततळ्याचा काळा कागद उरला होता, तो मागून आणून खड्ड्यात अंथरला, कडेनं दगड लावले, मधे कमळाचा कंद सोडला. निरवांगीतल्या बायका हसून हसून बेजार. नदी हाय, कॅनॉल हाय, विहीर हाय, हिला परसात पाणी कशाला? तुम्ही भांडी घासता घासता मान वर न करता म्हणालात, "ते समदं उसाचं पाणी हाय. हे माझं." मी नवी होते तेव्हा. मला वाटलं, ही बाई चक्रम आहे. पण ते वाक्य मला आवडलं होतं, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग मासे आले आणि माशांमागनं मुंग्या. त्या येणारच की. दगडांखाली ओल, कागदाच्या कडेखाली भुसभुशीत माती, कमळाच्या पानांवर माव्याची कीड नि तिचा गोड चिकटा, आणि तुम्ही माशांना टाकलेलं पीठ काठावर सांडलेलं. मी भांडी घासायला बसले की लाल मुंग्या पायाला अशा डसायच्या की रात्रभर आग. एक दिवस डोकं फिरलं. गोठ्यात जनावरांच्या गोचिडांसाठी ठेवलेली पावडर घेतली आणि सगळ्या काठानं भुरभुरली. मुंग्या मेल्या. भांड्यांचं पाणी ओघळत तळ्यात गेलं, आणि सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

तुम्ही ओरडला नाहीत. घमेल्यात एकेक मासा गोळा केला, भिंतीकडेच्या शेवग्याखाली पुरला, आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पाण्यातला मासा कधी तोंडात न घातलेली बाई माशांचं सुतक पाळत होती. नवव्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन म्हणालात, चल, भिगवणला जायचंय. दोन एसट्या बदलून गेलो. तुम्ही एका कोळ्याशी हुज्जत घालून जिवंत चिलापीची पिल्लं घेतलीत आणि पाण्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवलात. प्रत्येक खड्ड्याला माझं लुगडं भिजत होतं. कंडक्टरनं विचारलं, काय आहे डब्यात? तुम्ही अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलंत की हिनं मारलेत म्हणून हिलाच न्यायला लावलेत. मी खिडकीतनं बाहेर बघत बसले. शांत स्वभाव!

त्या दिवसापासनं कायदा झाला, पाण्याच्या कडेला औषध नाही. ना पावडर, ना खडू, ना फवारा. आणि तुम्ही मला मुंग्यांचं काम शिकवलंत, ते मात्र मानलं पाहिजे. दर पंधरा दिवसांनी एकेक दगड उचलून उन्हात पालथा करायचा. काठाला टेकलेलं कमळाचं पान कापून टाकायचं, तो मुंग्यांचा पूल. पानावर मावा दिसला की पान हातानं पाण्याखाली दाबून धरायचं, मासे चाटून पुसून खातात आणि मावा नसला की मुंग्यांनाही चाकरी उरत नाही. काठावर पिठाचा कण राहू द्यायचा नाही. उकळतं पाणी ओतायचंच झालं तर लांब भिंतीकडच्या बिळात, कागदाजवळ नाही, नाहीतर कागद वितळेल नि पाणी तळ्यात उतरेल. हे सगळं बरोबर होतं. मी आजही तसंच करते.

पण साखर? साखरेचं काय?

तुम्ही रोज सकाळी आंघोळ झाली की देवळीतल्या डबीतनं चिमूटभर साखर घेऊन भिंतीकडच्या बिळावर घालायच्या. मुंग्यांना साखर घातली की पुण्य लागतं. लागत असेल. पण मी म्हणायचे, एका हातानं मुंग्या पोसायच्या आणि दुसऱ्या हातानं दगड उलटायचे, हे कसलं शहाणपण? तुम्ही म्हणायच्या, "पोट भरलं की त्या पाण्याकडं येत न्हाईत." मी म्हणायचे, अहो, पंगत घातली की माणसं हात धुवायला पाण्यावर येणारच की. यावर आपण किती वर्षं भांडलो त्याला गणती नाही.

गेल्या साली मुंग्यांनी कागदाखालचा काठ पोखरला. एका बाजूनं दगड खचले, कागद खाली बसला आणि दिवसाला चार बोटं पाणी जायला लागलं. तुम्ही बादल्या ओतत होता आणि साखरही घालत होता. मी तुमच्याकडं बघून जळत होते. झुरळांसाठी आपण कणकेच्या गोळ्या करतो ना, बोरिक पावडरच्या, त्या आठवल्या. रफिकभाईच्या दुकानातनं कॅरमची पावडर आणली, ती तीच असते. ते म्हणाले, काकी, ह्या वयात कॅरम? मी म्हटलं, व्हय, तुमच्या बायकोसंगं. घरी आले, तुमची डबी काढली आणि साखरेत पावडर कालवली.

आता कळलं? तुमच्या पुण्याच्या साखरेत मी विष घातलं. तुम्ही रोज हात जोडून तेच मुंग्यांना घालत होता. पंधरा-वीस दिवसांत रांगा विरळ झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या. काठ खचायचा थांबला. तुम्ही आळीभर सांगत फिरलात, बघा, पोट भरलं आणि गेल्या. माझ्यासमोर दोनदा सांगितलंत, ठसक्यात. मी मान खाली घालून भांडी घासत होते आणि मनातनं फुगले होते. तुमचं तळं वाचलं होतं आणि तुम्ही जिंकल्याचं तुम्हाला वाटत होतं. दोघी खूश. मला वाटलं, हेच बरं.

मग ती दुपार. तुमचा महेश बारामतीला एमआयडीसीत कामाला गेलेला, सूनबाई माहेरी, आणि तुम्ही तनूला घेऊन परसात बसलेल्या. पाच वर्षांची पोर ती, रडत होती कशावरनं तरी. तुम्ही तिला गप करायला देवळीतली डबी घेतली आणि चिमूटभर साखर तिच्या तोंडाशी नेली. मी पायरीवरनं उडी टाकली आणि तुमच्या हातावर फटका मारला. साखर मातीत गेली. डबीही गेली. तनू घाबरून आणखी रडायला लागली.

तुमचं तोंड मला अजून दिसतं. राग नव्हता त्यावर, नुसतं नवल. मग तुम्ही म्हणालात, "माझ्या नातीला चिमूटभर साखर देताना तुझ्या पोटात दुखलं?"

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या हातानं पोरीच्या तोंडात काय गेलं असतं, तेच डोळ्यांपुढं नाचत होतं, त्यात तुम्हाला साखरेचं सांगायचं म्हणजे वर्षभराचं सगळं उलगडायचं. मी डबी उचलली, होती नव्हती ती साखर लांब उकिरड्यावर पुरून आले, डबी घासून ठेवली. तुम्ही दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोललात. आळीत सांगितलंत, शोभाला माझी नात बघवत न्हाय. ते फिरून माझ्याच कानावर आलं. मला पोरबाळ नाही म्हणून लोकांना ते पटलंही. मी चिडले, म्हटलं सांगू दे काय सांगायचं ते. मीही कमी नाही. आणि मग एके दुपारी तुम्ही तळ्याकाठी बसल्या बसल्या कलंडलात, दवाखान्याच्या वाटेवरच संपलात, आणि माझं वाक्य माझ्याकडंच राहिलं.

त्याचं मला फार वाईट वाटतं, अक्का. मुंग्यांचं नाही. तुम्ही मला कद्रू समजून गेलात, त्याचं.

पुढचं ऐका. तुम्हाला जिथं निजवलं होतं तिथं रिवाजाप्रमाणं, पुढचा जन्म कळावा म्हणून, पीठ चाळून पसरलं, वर दुरडी पालथी घातली. सकाळी भावकी जमली. भावजी तर आधीच गेलेले, म्हणून थोरले तात्या पुढं झाले, आपले चुलत सासरे, त्यांनी दुरडी उचलली. पिठावर मुंग्या. एक नाही, पंचवीस-तीस. आणि पिठात त्यांच्या बारीक बारीक वाटा. तात्यांनी हात जोडले आणि सांगून टाकलं, सून मुंगीच्या जन्माला गेली. जन्मभर मुंग्यांना साखर घातली, त्यांच्यातच गेली. बायकांनी डोळ्याला पदर लावला. महेश तर जमिनीवर डोकं टेकून रडला. लगेच हुकूम निघाला की ह्या घरात, ह्या परसात मुंगीला कुणी हात लावायचा नाही.

मी कोपऱ्यात उभी. त्यावेळी बोलले नाही, महेशकडं बघून. पोरगा आईवेगळा झाला होता.

इकडं मुंग्यांना तर रान मोकळं. मी साखर पुरून टाकल्यापासनं त्या परत आल्याच होत्या, आता दगड उलटायलाही बंदी. कागदाखाली पांढऱ्या अंड्यांचे ढीगच्या ढीग. काठ पुन्हा बसला, कमळाची मुळं उघडी पडली, मासे खालच्या वीतभर पाण्यात दाटीनं फिरायला लागले. त्यात तनू काठावर गेली आणि पाय सुजवून आली. महेशनं तात्यांना विचारलं. दोघांनी बसून जो तोडगा काढला तो ऐकून मला वाटलं, अक्का, तुम्ही असता तर दोघांना त्याच पाण्यात बुडवलं असतं. मुंग्या मारायच्या नाहीत, कारण आई. पोरीला चावून घ्यायचं नाही, कारण पोरगी. म्हणून तळंच बुजवायचं. पाणी गेलं की मुंग्या आपोआप जातील, पाप नाही लागणार.

रविवारी सकाळी मुरमाची ट्रॉली परसाच्या दाराशी लागली. महेश ट्रॅक्टरवर, तात्या काठी टेकून बाजूला, माझे यजमान नेहमीप्रमाणं खांबाला टेकून. मी हातातलं पीठ तसंच ठेवून आले आणि काठावर बसले, मुंग्या चावत होत्या तिथंच.

महेश म्हणाला, काकी, उठा. मी म्हटलं, न्हाय उठत. तात्या म्हणाले, बाईमाणसानं आडवं येऊ नये. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "तात्या, पीठ टाकलं तर मुंग्याच येणार. वाघ येणार हुता का? आन् अक्का खरंच मुंगी झाल्या असत्या, तर पयल्या दिवशी ह्या तळ्यावरनं बाकीच्या समद्या हाकलून दिल्या असत्या त्यांनी."

यजमान खांबामागं तोंड लपवून हसले, मी पाहिलं. महेश नाही हसला. त्यानं हात जोडले. "काकी, माझ्यासाठी तरी. मुंगीला हात न्हाय लावायचा. आई हाय ती."

पोरानं असे हात जोडल्यावर मी किती दिवस गप्प राहणार? त्याला दहा वर्षांचा असताना न्हाऊमाखू घातलंय मी. सांगितलं सगळं. गोचिडाची पावडर, मासे, ते तर त्याला ठाऊकच. मग कॅरमची पावडर सांगितली. तुझ्या आईच्या हातानं मी वर्षभर मुंग्या मारवल्या, तिला न सांगता, असं सरळ सांगितलं. आणि तनूच्या तोंडाशी ती साखर गेली म्हणून मी हातावर मारलं, माझ्या पोटात काही दुखलं नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते मी रागानं पुसलं. पाप असेल तर माझं, म्हटलं. मला मुंगीचा जन्म मिळू दे नाहीतर घुशीचा. पण ज्या पाण्याला माझं म्हणायला ह्या घरात एका बाईला एवढी वर्षं भांडावं लागलं, ते मी मुरमाखाली जाऊ देणार नाही.

महेश ट्रॅक्टरवरनं उतरला. माझ्या शेजारी काठावर येऊन बसला. मग विचारलं, "आईला म्हाईत हुतं?"

मी म्हटलं, न्हाय.

"मग आता तरी सांगा तिला," म्हणाला.

तात्या चहा न घेता निघून गेले. जाताना पापाचं काहीतरी पुटपुटले. जाऊ देत. संध्याकाळी त्यांच्या सुनेनं कॅरमच्या पावडरीचं विचारायला पोरगी धाडली होती, त्यांच्याही मोरीत मुंग्या झाल्यात.

मुरूम वाया गेला नाही. महेशनं तो भिंतीकडं ओतला. आम्ही दोघांनी दोन दिवस राबून कागदाची कड उचलली, पोखरलेली माती अंड्यांसकट फावड्यानं काढून लांब बांधावर नेऊन टाकली, खाली मुरूम ठोकून भरला आणि कागद परत ताणला. कोरड्या मुरमात त्यांना घर करता येत नाही, करून बघतील तर बघू देत. साखरेत पावडर आता मी उघडपणे कालवते. झाकण घट्ट असलेल्या डब्याला बारीक भोकं, वर लाल रंगाची मोठी फुली, भिंतीपाशी दगडाखाली, पाण्यापासनं लांब आणि तनूच्या हाताबाहेर. घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवलाय. आता चोरी नाही. पाणी थांबलंय. मासे वर येतात.

तर हे सांगणं झालं, अक्का. पावडरीची माफी मी मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा घालेन, फक्त सांगून घालेन, आणि तुम्ही मला अख्ख्या आळीत उभी-आडवी केलीत तरी चालेल. तुमचं तळं तुमच्या पुण्यानं वाचलं नव्हतं, माझ्या पावडरीनं वाचलं होतं, हे तुम्हाला तोंडावर ऐकवायची माझी फार इच्छा होती. त्या एसटीचं उट्टं निघालं असतं. पण फटका मारून गप्प राहिले, ते चुकलं. तेवढं माझ्याकडं लागतं.

काम एकच राहिलं होतं. भिंतीकडचं मोठं बीळ, तुम्ही साखर घालायच्या ते. डब्यानं तिथल्या कमी होईनात. परवा सकाळी सगळे आपापल्या वाटेनं गेल्यावर मी पातेलंभर पाणी उकळवलं आणि दोन फडक्यांनी धरून तिथं नेलं. रांग चालू होती. पातेलं तिरकं केलं आणि हात थांबला. भावकीसमोर एवढं बोलले, तात्यांना गप केलं, आणि परसात चिटपाखरू नसताना माझा हात थांबला. मग म्हटलं, अक्का, मी हे असलं काही मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण असलात तर सरका.

तुमचे गुडघे मला माहीत आहेत. उठायला तुम्हाला वेळ लागतो. म्हणून तसंच जड पातेलं धरून मी शंभरपर्यंत आकडे मोजले. मग ओतलं.